चेंडू दुसऱ्याच्या हाती असताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. मी म्हटले, मला बास्केटबॉलच्या इतिहासातील एका गोष्टीवर बोलायचे आहे. ते हसले, आणि मी हसत नाही असे पाहून गप्प झाले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि एस. टी.च्या बाकावर झाले. त्यामुळे कोणता विषय आपला आणि कोणता परका, हे मला कोणी शिकवलेच नाही. ही सवलत मी आज घेणार आहे.

ह्या खेळाशी माझी ओळख उशिरा झाली. आमच्या युनियनच्या एका सभासदाचा मुलगा जिल्ह्याच्या संघातून खेळतो. त्याच्या नादाने मी अमेरिकेतले सामने पाहू लागलो आणि मग, माझ्या खोडीप्रमाणे, त्यांच्या मागचा इतिहास वाचू लागलो. आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ पाहिला नसेल, म्हणून दोन शब्दांत सांगतो. १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड ह्या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर टांगून तो सुरू केला. आज एका बाजूला पाच खेळाडू असतात. चेंडू जमिनीवर आपटत पुढे न्यायचा आणि वरच्या कड्यातून टाकायचा. जो चेंडू पुढे आणतो, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवतो आणि योग्य माणसाच्या हाती चेंडू देतो, त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. तो बहुधा संघातला सर्वांत बुटका आणि सर्वांत नावाजलेला असतो.

परंतु निम्मा वेळ चेंडू दुसऱ्या संघाच्या हातात असतो. तेव्हा हा नावाजलेला माणूस काय करतो, हा माझा आजचा विषय.

ह्या निम्म्या वेळाचा हिशेब फार दिवस कोणी ठेवलाच नाही. अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये कोणी किती गुण केले आणि कोणी किती पास दिले, ह्यांची नोंद आरंभापासून होत असे. समोरच्याच्या हातून चेंडू कोणी किती वेळा हिसकावला, हे मोजायला सुरुवात झाली ती १९७३-७४ च्या हंगामात. आणि हिसकावणे म्हणजे बचाव नव्हे. तो बचावाचा एक लहानसा, डोळ्यांत भरणारा तुकडा आहे. समोरच्याला नको त्या जागेवरून नेम धरायला लावणे, त्याची वाट दोन पावले लांबवणे, सहकारी येईपर्यंत त्याला रोखून धरणे, ह्यांना वहीत रकाना नव्हता. कारखान्यात मशिन चालवणाऱ्याचे नग मोजले जातात. मशिन बंद पडू नये म्हणून रात्री तेल घालणाऱ्याचे काय मोजणार? तसेच हे.

म्हणून जुने प्रसिद्ध पॉइंट गार्ड पाहिले तर त्यांची कीर्ती चेंडू हाती असतानाची आहे. बॉब कूझी हे त्यांतले पहिले मोठे नाव. १९५० साली तो बॉस्टनच्या संघात आला. पाठीमागून चेंडू आपटणे, एकीकडे पाहून दुसरीकडे पास देणे ह्या त्याच्या करामतींनी लोक वेडे झाले. सलग आठ हंगाम सर्वाधिक पास त्याचे होते. बचावाबद्दल मात्र त्याच्या काळातही फारसे चांगले बोलले जात नसे. त्याची उणीव भरून काढली ती १९५६ च्या डिसेंबरात आलेल्या बिल रसेलने. कूझीला चुकवून कोणी आत शिरलाच, तर कड्याखाली रसेल उभा असे. १९५७ साली बॉस्टनने पहिले अजिंक्यपद मिळवले आणि कूझी १९६३ साली निवृत्त होईपर्यंत आणखी पाच.

कूझीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. विषयांतर होत असेल तर होऊ द्या. खेळाडूंची युनियन ह्याच माणसाने १९५४ साली उभी केली. त्या काळी पंच मनाला येईल तेव्हा खेळाडूला पंधरा डॉलर दंड करी. त्याला ‘कुजबुजीचा दंड’ म्हणत. तो रद्द करा, प्रदर्शनी सामन्यांना मर्यादा घाला, तंट्यासाठी निःपक्षपाती लवाद नेमा, असल्या त्याच्या मागण्या होत्या. त्याने प्रत्येक संघातील एकेका वजनदार खेळाडूला पत्र लिहिले. सगळ्या संघांकडून पाठिंबा आला, फक्त फोर्ट वेनकडून आला नाही. त्या संघाचा मालक पिस्टनच्या कारखान्याचाही मालक होता आणि कारखान्यातही त्याला युनियन चालत नसे. लीगने ह्या संघटनेला मान्यता दिली १९५७ साली. म्हणजे कोर्टावर ज्याचा बचाव कच्चा, त्याने कोर्टाबाहेर सगळ्यांचा बचाव केला! असो.

कूझीच्याच काळात, १९५४ साली, एक नियम आला आणि बचावाला खरा अर्थ आला. त्यापूर्वी पुढे असलेला संघ चेंडू धरून वेळ काढत बसे. १९५० च्या नोव्हेंबरात एक सामना १९ विरुद्ध १८ अशा गुणसंख्येने संपला. लोक वर्तमानपत्रे वाचत बसले असतील! नव्या नियमाने चोवीस सेकंदांत नेम टाकणे सक्तीचे झाले. आता बचाव करणाऱ्याला चोवीस सेकंद तग धरला की फळ मिळणार होते.

पुढे काही गार्ड बचावासाठीही गाजले. सिएटलचा गॅरी पेटन हा १९९६ साली वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. समोरच्याच्या अंगाला हातमोज्यासारखा चिकटतो म्हणून त्याला ‘ग्लव्ह’ म्हणत. परंतु त्याच्या ह्या चिकटण्यात हाताचा वाटा मोठा होता. चेंडू आणणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याची दिशा ओळखायची, त्याला किंचित दाबायचे. २००४ साली लीगने हा हात कडकपणे बंद केला. त्याआधी, २००१ साली, आपला माणूस सोडून मधल्या जागेत उभे राहण्यावरचे जुने निर्बंध बहुतांशी उठले होते. दोन्ही बदल एकत्र वाचा. एकट्याच्या हातातले हत्यार गेले आणि सोबत्याने मदतीला यायची मोकळीक मिळाली. यापुढे लहान चणीच्या गार्डला बचाव करायचा तर पायांनी, छातीने आणि चौघांच्या साथीने करायचा होता.

अशा वेळी, २००९ साली, स्टीफन करी लीगमध्ये आला. बाप डेल करी ह्याच लीगमधला नाणावलेला नेमबाज. मुलगा मात्र अंगाने काटकुळा, सहा फूट दोन इंच. आपल्याकडे तो उंच दिसेल, तिथे बुटका. मोठ्या कॉलेजांनी त्याला घेतले नाही; डेव्हिडसन नावाच्या लहान कॉलेजातून तो पुढे आला. नव्या खेळाडूंच्या निवडीत गोल्डन स्टेट संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. नेमाबद्दल शंका कोणालाच नव्हती. शंका होती ती ह्याची की, हा कोणाला अडवणार?

आरंभीची वर्षे घोट्याने खाल्ली. उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशा दोन साली शस्त्रक्रिया झाल्या. २०११-१२ चा हंगाम तर मालकांनी केलेल्या टाळेबंदीमुळे आधीच ८२ सामन्यांवरून ६६ वर आला होता. त्यांतले करी २६ खेळला. त्याच वर्षी त्याने चार वर्षांचा ४४ दशलक्ष डॉलरचा करार केला. आपल्याला आकडा ऐकून भोवळ येते, पण पुढे तो जे खेळला त्या मानाने मालकांना तो फार स्वस्तात पडला. दुखऱ्या माणसाशी वाटाघाटी कराव्यात, हे मालकांना कोठेही शिकवावे लागत नाही.

ह्या काळात संघाने एक व्यवस्था लावली. समोरच्या संघाचा तेज पॉइंट गार्ड असेल त्याला उंचापुरा क्ले थॉम्पसन अडवी आणि करीला देत असत कमी धोक्याचा माणूस. म्हणजे त्याला झाकत असत. २०१४ साली स्टीव्ह कर हा प्रशिक्षक आला, बचावाच्या कामासाठी रॉन ॲडम्स हा जुना जाणता सहायक आला, आणि करीला सांगण्यात आले की, तुझ्या जागेचा माणूस तूही अडवायला शीक. २०१५ साली संघाने चाळीस वर्षांनी अजिंक्यपद जिंकले. २०१५-१६ मध्ये संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकले. करीने सामन्यागणिक सर्वाधिक गुण केले आणि सर्वाधिक वेळा चेंडूही हिसकावला. वही पाहिली तर बचावही सुधारला होता. एकही मत विरुद्ध न जाता तो वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

आणि मग १९ जून २०१६ चा दिवस आला. अंतिम मालिकेत क्लीव्हलंडविरुद्ध गोल्डन स्टेट ३-१ ने पुढे होते. क्लीव्हलंडने तीन-तीन अशी बरोबरी केली. ओकलंडला सातवा सामना, गुण ८९-८९, शेवटचे मिनिट. क्लीव्हलंडच्या कायरी अर्विंगसमोर क्ले थॉम्पसन होता. त्यांना थॉम्पसन नको होता. त्यांनी करी ज्याला अडवत होता त्या माणसाला पुढे बोलावले, त्याने थॉम्पसनच्या वाटेत आडवे उभे राहून त्याला अडकवले आणि अदलाबदलीत अर्विंगसमोर करी आला. त्या वसंतात करीचा गुडघा दुखावलेला होता. अर्विंगने डावीउजवी हुलकावणी दिली, मागे सरकला आणि करीच्या हातावरून तीन गुणांचा नेम टाकला. ५३ सेकंद उरले होते.

लगेच उलट बाजूला करीसमोर कोण आला? केव्हिन लव्ह! उंच, जड, आणि बचावात कच्चा म्हणून ज्याची सगळीकडे चर्चा, तोच. गोल्डन स्टेटलाही कच्ची जागा सापडली होती. करीने हरप्रकारे त्याला झुकवायचा प्रयत्न केला. लव्ह पायांवर नाचत समोर टिकून राहिला. करीचा नेम चुकला. क्लीव्हलंडने ९३-८९ असा सामना जिंकला. ही दोन दृश्ये मी किती वेळा पाहिली असतील ह्याचा हिशेब नाही. दोन्ही संघांनी एकच बेत केला होता. फरक एवढाच पडला की, त्या एका मिनिटापुरते एकाचे पाय हलले नाहीत आणि दुसऱ्याचे हलत राहिले.

ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. चढाई करणारा मधल्या पहिलवानाकडे जात नाही. कोपऱ्यातला पोरगा दुखऱ्या पायाचा आहे हे त्याला पहिल्या मिनिटात कळते आणि तो त्याच बाजूला जातो.

मला हे मैदानावर कळले नाही, गेटवर कळले. बरीच वर्षे झाली. एका कारखान्यात आमचा संप चालू होता. मशिन-शॉप आमचे भक्कम होते. सगळी भाषणे तिथे, सगळी घोषणाबाजी तिथे. व्यवस्थापनाने मशिन-शॉपकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी माणसे पाठवली ती पॅकिंगमध्ये, जिथे निम्म्या बायका हंगामी होत्या आणि जिथे आम्ही क्वचित जात होतो. अकराव्या दिवशी पॅकिंग आत गेले. त्या बायकांना आम्ही फार शिव्या दिल्या. दोन वर्षांनी मला समजले की, शिव्या आम्हीच खायला हव्या होत्या.

आणि दुसरे त्याहून वाईट आहे, तेही सांगून टाकतो. त्या काळी मी बोलायला नामांकित होतो. लोक माझे भाषण ऐकायला सायकलवरून येत. पण नोटिसा, तारखा, पोचपावत्या हे काम मला कारकुनी वाटे. कामावरून काढलेल्या दोघांच्या प्रकरणात नोटीस केव्हा निघाली आणि केव्हा हातात पडली, ह्याचा कागद मी जपून ठेवला नव्हता. न्यायालयात समोरच्या वकिलाने मला बोलू दिले, भरपूर बोलू दिले. आणि मग फक्त ती तारीख विचारली. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातला एक अजून मला नमस्कार करतो, दुसरा रस्ता ओलांडून जातो. त्यानंतर मी चाळिशीला टेकलेला असताना एका निवृत्त फौजदारी कारकुनाच्या ओट्यावर बसून कागद लावायला शिकलो. टाळ्या मिळवणाऱ्या माणसाने हे शिकायला बसणे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे. म्हणून करीच्या पुढच्या सहा वर्षांकडे मी केवळ प्रेक्षक म्हणून पाहू शकत नाही.

२०१६ नंतर सगळ्या लीगला वाट सापडली. निर्णायक सामन्यात करीला शोधायचे, त्याला अदलाबदलीत ओढायचे आणि आपला सर्वांत बलवान माणूस त्याच्यावर सोडायचा. लेब्रॉन जेम्सने ते केले. २०१८ साली ह्यूस्टनच्या जेम्स हार्डन आणि क्रिस पॉल ह्यांनी तर त्याचा कारखानाच काढला. (हा क्रिस पॉल तेव्हा खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष होता! धंदा धंद्याच्या ठिकाणी.) ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. पॉल जखमी होऊन बाहेर बसला, शेवटच्या सामन्यात ह्यूस्टनचे तीन गुणांचे सत्तावीस नेम ओळीने चुकले, आणि गोल्डन स्टेट वाचले. असल्या विजयावर शहाणा माणूस समाधान मानत नाही.

मग उपाय काय केले? पहिला उपाय संघाचा. अदलाबदल नाकारायची. समोरच्याने करीच्या माणसाला पुढे बोलावले की करीने क्षणभर झेप घेऊन चेंडूवाल्याची वाट अडवायची. तेवढ्यात अडकलेला सोबती वळसा घालून परत येतो. तो आला की करीने पळत आपल्या माणसाकडे जायचे. ह्या मधल्या क्षणात करीचा माणूस मोकळा असतो. त्याच्याकडे उरलेल्या तिघांनी लक्ष ठेवायचे, आणि हे सगळे ओरडून एकमेकांना सांगायचे. ड्रेमंड ग्रीन हा त्यांचा ओरडणारा. एका सामन्यात हे वीस-तीस वेळा करावे लागते, आणि दर वेळी त्यानंतर दुसऱ्या टोकाला धावत जाऊन नेमही टाकावा लागतो.

दुसरा उपाय शरीराचा. घोट्याच्या दुखण्यापासूनच संघाच्या व्यायामतज्ज्ञांनी त्याला शरीराचा भार घोट्यावरून कमरेवर आणि मांड्यांवर नेण्याची सवय लावली होती. बचाव करणाऱ्याला हेच लागते. कंबर खाली, पाठ ताठ, पावले उचलायची नाहीत, सरकवायची. हात लावायला बंदी असल्यामुळे धक्का छातीवर घ्यायचा आणि तरी जागा सोडायची नाही. त्यासाठी अंगात वजन हवे. २०१९ च्या ऑक्टोबरात हात मोडून तो जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर होता, अवघे पाच सामने खेळला. त्यानंतर परतलेला करी उघड्या डोळ्यांना दिसेल इतका भरलेला होता. नेमबाजाने अंगावर मांस चढवणे हा धोकाही असतो, कारण नेमाची लय बिघडू शकते. तीन अजिंक्यपदे आणि दोन वेळा सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान पदरी असलेल्या माणसाने तिशी उलटल्यावर हा धोका का पत्करावा? त्याच्या मनात शिरण्याचा मला अधिकार नाही. पण त्याला न बदलता निभावता आले असते, हे खरे.

तिसरा भाग बुद्धीचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. करी कधीच कोणाला कोंडणारा बचावपटू झाला नाही. त्याने ध्येयच लहान ठेवले. मला शोधत आलात तर तुमचा फायदा होऊ नये, एवढेच. समोरचा बलवान माणूस त्याला पाठीने रेटत आत नेऊ लागला की पाच-सहा सेकंद जातात. चोवीसपैकी सहा सेकंद! तेवढ्या वेळात समोरच्या संघाचे उरलेले चौघे नुसते उभे राहतात, चेंडू फिरेनासा होतो. शेवटी टाकलेला नेम जर हातावरून, अवघड कोनातून टाकावा लागला, तर करीने आपले काम केले. वहीत त्याची नोंद होणार नाही.

२०२१-२२ च्या हंगामात बचावाच्या हिशेबात गोल्डन स्टेट लीगमध्ये दुसरे होते. पहिले होते बॉस्टन. अंतिम मालिकेत हेच दोघे समोरासमोर आले. बॉस्टनचा मार्कस स्मार्ट त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. गॅरी पेटननंतर सव्वीस वर्षांनी हा मान एका गार्डला मिळाला होता. आणि पेटनचा मुलगा, दुसरा गॅरी पेटन, करीच्या बाजूने खेळत होता. इतिहास कधीकधी अशी माणसे एका अंगणात आणून बसवतो.

बॉस्टननेही करीला शोधले. त्यांच्याकडे टेटम आणि ब्राउन असे दोन धिप्पाड हल्लेखोर होते. पहिला सामना त्यांनी जिंकला, तिसराही जिंकला, आणि तिसऱ्यात करीचा पाय एका भारी खेळाडूखाली सापडला. चौथा सामना बॉस्टनमध्ये. तो गेला असता तर ३-१. त्या रात्री करीने ४३ गुण केले, दहा वेळा कड्यावरून परतलेला चेंडू पकडला, आणि गोल्डन स्टेटने १०७-९७ असा सामना जिंकला. वर्तमानपत्रांत ४३ चा आकडा मोठ्या टाइपात आला. सामन्यानंतर कर ह्या प्रशिक्षकाने मात्र आवर्जून सांगितले की, करी इतका बलवान पूर्वी कधी नव्हता आणि आता तो दोन्ही टोकांना काम करतो. त्या मालिकेत करीवर चालून जाणे हा हमखास फायद्याचा धंदा राहिला नव्हता. पुढचे दोन्ही सामने गोल्डन स्टेटने जिंकले. चौतिसाव्या वर्षी करी प्रथमच अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या निवडक बचावपटूंच्या यादीत त्याचे नाव नव्हते, आणि ते बरोबरच होते; त्याच्याहून चांगले बचाव करणारे गार्ड लीगमध्ये होते.

सहावा सामना आपल्याकडे १७ जूनच्या सकाळी साडेसहाला सुरू झाला. मी त्या सभासदाच्या घरी चहाचा कप धरून बसलो होतो. पोरगा शेजारी. करीने नेम टाकला की सगळे घर ओरडे. हा मुलगा मात्र चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की पुढे सरकून बसे आणि बोटाने मला पडद्यावर पाय दाखवी. सामना संपला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पहिल्या पाळीला, सातला, माझी गेट मीटिंग होती, ती साफ विसरलो होतो. धावतपळत गेटवर पोचलो तर मीटिंग केव्हाच आटोपली होती. पॅकिंगमधल्या दोन बायकांनी ती घेतली, मागण्यांचे पत्रक वाचून दाखवले आणि व्यवस्थापनाकडून पत्राची पोच घेऊन ठेवली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. तारीख आणि वेळ दोन्ही घातलेली होती.